सीमेवरचा नाका उठला, तरी गाडी खोटी का होते?

उदगीर तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या तरुण संचालकाने विचारलं आहे: "सभासदांची तूर, सोयाबीन आणि थोडी हळद आमच्याकडे आहे. डाळ करून आणि हळद पॉलिश करून थेट हैदराबादच्या व्यापाऱ्याला पाठवायचा विचार आहे. जीएसटीनंतर राज्यांच्या सीमा खुल्या झाल्या म्हणतात. गावातली जुनी माणसं मात्र सांगतात, सीमेपलीकडं माल धाडू नका, गाडी अडकली की भाव गेला. खरं काय? आणि २०२० सारखी बंदी पुन्हा आली तर आम्ही काय करायचं?"

मी १९९४ पासून देगलूरला ट्रान्सपोर्टच्या धंद्यात आहे. आधी एका हुंडेकऱ्याकडे, म्हणजे माल पाठवून देणाऱ्या एजंटाकडे, बिल्ट्या (गाडीत भरलेल्या मालाच्या पावत्या) लिहायला होतो, पुढे स्वतःच्या गाड्या घेतल्या. इतक्या वर्षांत सीमेवर लागणारा कर बदलत गेला, खोटी मात्र राहिली. गाडी खोटी होणं म्हणजे काय हे ड्रायव्हरला विचारा: भरलेली गाडी उभी आहे, डिझेल आणि भत्ता चालू आहे, कर्जाचा हप्ता थांबत नाही आणि मालाचा कस आतून उतरत चालला आहे. तुमच्या गावातली जुनी माणसं याच खोटीला घाबरतात, आणि त्यांची भीती खोटी नाही. पण ती टाळता येते. निदान ती कुणाच्या अंगावर पडायची हे आधी ठरवता येतं.

आपली सीमा कशी आहे ते आधी बघा. देगलूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागलं की थोड्याच अंतरावर मदनूर, म्हणजे तेलंगण. तिथल्या बाजारात मराठी बोलली तरी कुणी वळून बघत नाही. उदगीरहून निघालात तर कमलनगर, बिदर, मग जहिराबाद. म्हणजे तुमची गाडी आधी कर्नाटकात शिरणार आणि मग तेलंगणात, एका दिवसात दोन सीमा. उमरग्याहून जाणाऱ्याचंही तेच. हा सगळा मुलूख १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होता. उदगीर, निलंगा, अहमदपूर तर बिदर जिल्ह्यात होते. भाषावार प्रांतरचनेत रेघ पडली, पण दोन्ही बाजूंचा रोटी-बेटी व्यवहार, दवाखाना आणि बाजार काही त्या रेघेनं हलले नाहीत. नांदेडचा रेल्वे विभाग अजून सिकंदराबादच्या मुख्यालयाखाली चालतो. त्यामुळे आपल्याकडे सीमा बंद होते तेव्हा दोन प्रांत वेगळे होत नाहीत, एकच बाजारपेठ मधून चिरली जाते.

याचा सगळ्यात मोठा अनुभव आपल्या भागाने कापसात घेतला आहे. १९७२ मध्ये राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. कापूस फक्त सरकारी खरेदी केंद्रावर घालायचा, खासगी व्यापाऱ्याला विकायचा नाही आणि राज्याबाहेर न्यायचा तर मुळीच नाही. हेतू चांगला होता: व्यापाऱ्याच्या कचाट्यातून शेतकरी सुटावा, हमीभाव मिळावा. सुरुवातीची काही वर्षं लोकांना आधारही वाटला. पण ज्या वर्षी बाहेर भाव चढा असायचा, त्या वर्षी किनवटच्या शेतकऱ्याला आदिलाबादचा आणि भोकरच्या शेतकऱ्याला भैंशाचा भाव कानावर यायचा आणि मध्ये नाका असायचा. मी धंद्यात आलो तेव्हा ही योजना चालूच होती. रात्री बैलगाड्यांतून, टेम्पोतून, पाऊलवाटेनं कापूस पलीकडे जायचा.

त्यातला फायदा कुणाला झाला हे मी जवळून पाहिलं, म्हणून सांगतो. पलीकडचा भाव क्विंटलमागे जेवढा जास्त असे, त्यातला अर्धाही शेतकऱ्याच्या हाती पडत नसे. रस्ता माहीत असलेला गाडीवान, नाक्यावर ओळख असलेला दलाल आणि अंधारात वजन करणारा पलीकडचा व्यापारी यांच्यात तो वाटला जायचा. चोरून नेलेल्या मालाचं वजन कमी भरलं तर तक्रार कुठे करणार? ज्याच्याकडे चार एकर होते तो नुसता ऐकून गप्प बसायचा आणि केंद्रावर चुकाऱ्याची वाट बघायचा. या शतकाच्या सुरुवातीला ही योजना गुंडाळली गेली. मला त्यातून कळलेली गोष्ट आजही तुरीला, उसाला, धानाला तशीच लागू पडते: दार बंद केलं की आतल्या खरेदीदाराला स्पर्धक उरत नाही, आणि विकणाऱ्याला दार उघडून देणाऱ्याची किंमत मोजावी लागते.

उसाचं उदाहरण तर ताजं आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये, पाऊस कमी झाल्यामुळे उसाचं उत्पादन घटणार म्हणून, राज्य सरकारने ऊस परराज्यात नेण्यावर बंदीची अधिसूचना काढली. शेतकऱ्यांनी विरोध केला आणि काही दिवसांतच ती मागे घ्यावी लागली. सीमेवरच्या शेतकऱ्याला कर्नाटकातल्या कारखान्याची ऊसतोड आधी मिळाली आणि दर बरा मिळाला तर त्याने तिकडे का घालू नये? इकडच्या कारखान्याला त्याचा ऊस हवा असेल तर त्याने दर द्यावा. ती बंदी टिकली असती तर आपल्या उसाचा दर फडात न ठरता नाक्यावर ठरला असता.

आता तुमच्या मालाकडे येतो.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि विक्रीकराचे नाके उठले. त्याआधी मदनूरजवळच्या सलाबतपूरच्या बाजूला गाड्यांची रांग लागलेली मी कितीदा पाहिली आहे. ड्रायव्हर गाडीखाली अंथरूण टाकून झोपायचे. ते दृश्य गेलं, त्याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र पूर्वी सीमेवर होणारी तपासणी आता रस्त्यावर कुठेही होऊ शकते, आणि तपासायचा कागद माल भरतानाच तयार झालेला असतो. गाडी अडते जहिराबादच्या पुढे, पण चूक झालेली असते उदगीरच्या मोंढ्यात, बिल करणाऱ्या पोराच्या टेबलावर. त्यामुळे तुमचा नाका तुमच्या ऑफिसात आहे असं समजून कामाला लागा.

पहिली गोष्ट नोंदणीची. शेतकरी स्वतःच्या शेतातला माल विकतो तेव्हा त्याला जीएसटी नोंदणी लागत नाही. पण कायद्यातला 'शेतकरी' म्हणजे व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब. तुमची कंपनी शेतकऱ्यांची असली तरी कायद्याच्या दृष्टीने ती शेतकरी नाही. सोयाबीन आणि सुकवलेली हळद यांवर ५ टक्के कर आहे, आणि करपात्र माल परराज्यात विकायचा तर उलाढाल कितीही कमी असो, नोंदणी लागतेच. "आम्ही शेतकरी आहोत, आम्हाला काय लागतंय" असं म्हणत पहिली गाडी धाडणाऱ्या दोन-तीन कंपन्या माझ्या ओळखीच्या आहेत. त्यांना पहिल्याच फेरीत वर्षभराचा नफा घालवावा लागला.

तूरडाळीचा हिशोब वेगळा आहे. जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, आधी भरून छापील लेबल लावलेल्या पिशवीवर ५ टक्के कर लागतो. ३० किंवा ५० किलोच्या पोत्यावर तो लागत नाही. एकाच मिलची, एकाच दिवसाची डाळ, पण पिशवी २५ ची की ३० ची यावर कागद बदलतो. गाडीत दोन्ही असतील तर बिलं वेगळी करा. करमाफ डाळीला ई-वे बिल (माल नेण्यासाठी पोर्टलवर काढायचा कागद) लागत नाही, तरी बिल ऑफ सप्लाय (करमाफ मालाचं बिल), बिल्टी, वजनकाट्याची पावती आणि बाजार समितीचा सेस भरल्याची पावती ड्रायव्हरच्या हातात द्या. माल काय आहे हे सिद्ध करणारा कागद नसला की करमाफ मालही रस्त्याच्या कडेला उभा राहतो.

करपात्र माल ५० हजार रुपयांच्या वरचा असेल तर ई-वे बिल हवंच. त्याचे दोन भाग असतात: पहिल्या भागात मालाची माहिती, दुसऱ्यात गाडीचा नंबर. सगळ्यात जास्त गाड्या अडतात त्या या दुसऱ्या भागापायी. माझंच सांगतो. वसमतच्या हळदीची एक गाडी मी हैदराबादला पाठवली होती. वाटेत अ‍ॅक्सल तुटला. माझ्या माणसाने भराभर दुसरी गाडी बोलावली, पोती तिच्यात हलवली आणि गाडी मार्गी लावली. काम चोख केलं, फक्त नवा नंबर टाकायचा राहिला. पन्नासेक किलोमीटरवर तपासणी झाली. मालक, ट्रान्सपोर्टर, सीए सगळे फोनवर, आणि गाडी एका आवारात उभी. मधे पाऊस आला, ताडपत्री जुनी होती, वरच्या थरातल्या पोत्यांना ओल लागली. दंड भरून सोडवलेला माल व्यापाऱ्याने उतरवून घेतला नाही, भाव पाडून मागितला. त्या शेतकऱ्याचं तोंड मला अजून आठवतं. चूक माझ्या ऑफिसची होती, म्हणून फरक मी भरून दिला. पण प्रत्येक ट्रान्सपोर्टर भरून देईलच असं धरू नका.

दंडाचा आकडा समजून घ्या. करपात्र माल नियमाबाहेर नेताना पकडला आणि मालक पुढे आला, तर कराच्या २०० टक्के दंड. १० लाखांची हळद असेल तर कर ५० हजार आणि दंड एक लाख. मालक पुढे आलाच नाही तर मालाच्या निम्म्या किमतीपर्यंत जाऊ शकतो. करमाफ मालाला किमतीच्या २ टक्के किंवा २५ हजार, यातलं कमी असेल ते. पण हेही लक्षात ठेवा, कारण ड्रायव्हरला हे कुणी सांगत नाही: नावातली स्पेलिंगची चूक किंवा गाडीच्या नंबरातला एक-दोन आकड्यांचा फरक अशा किरकोळ चुकांसाठी २०१८ च्या परिपत्रकाप्रमाणे एकूण हजार रुपये दंड आहे, लाखाचा नाही. एका ठिकाणी मालाची प्रत्यक्ष तपासणी झाली असेल, तर करचुकवेगिरीची ठोस माहिती मिळाल्याशिवाय त्याच प्रवासात पुन्हा माल खोलून तपासता येत नाही, मग राज्य दुसरं असलं तरी. आणि गाडी अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबवली तर ट्रान्सपोर्टर त्याची नोंद ई-वे पोर्टलवर करू शकतो. ही नोंद करणारा माणूस मी फार क्वचित पाहिला आहे. तुम्ही करा. पुढे वाद झाला तर तुमच्या हातात वेळेचा पुरावा असतो.

मुदतही सांभाळा. दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो आणि पहिला दिवस दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री संपतो. उदगीरहून हैदराबाद दोनशेच्या आसपास पडतं, म्हणून एक दिवस मिळतो की दोन हे बिलावरचं अंतर बघून ठरवा; नांदेडहून दोन मिळतात. गाडी बिघडली तर मुदत संपायच्या आधी आठ तास ते नंतर आठ तास एवढ्याच काळात ती वाढवता येते. रात्री अकरा वाजता हे करणारं माणूस तुमच्याकडे असलं पाहिजे. सणाच्या आदल्या दिवशी गाडी भरू नका, पलीकडं हमाल नसतो आणि गाडी माल न उतरता उभी राहते.

गाडीच्या परवान्याचं थोडक्यात. नॅशनल परमिटची वार्षिक फी १६,५०० रुपये आहे. ते परमिट घेऊन महाराष्ट्राची गाडी हैदराबादला माल उतरवू शकते, तिथून महाराष्ट्रात उतरवायचा माल भरूनही आणू शकते. पण हैदराबादला भरून निजामाबादला उतरवू शकत नाही, कारण दुसऱ्या राज्याच्या पोटातली वाहतूक तिला मना आहे. परतीचं भाडं ठरवताना हे विसरू नका. एकूण वजन तीन टनांच्या आत असलेल्या छोट्या टेम्पोला परमिट लागत नाही, म्हणून नमुन्याचा माल आधी त्यातून पाठवून बघा. ओव्हरलोडला २० हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार, त्यामुळे 'अजून दहा पोती टाका' म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

हंगामी बंदी ही वेगळी जात आहे आणि ती कागदाने सुटत नाही. तेलंगण सरकार धानाला हमीभावावर बोनस देतं, बारीक धानाला क्विंटलमागे ५०० रुपये. साहजिकच खरेदीच्या दिवसांत बाहेरचं धान आत येऊ नये म्हणून ते सीमेवर पहारा बसवतात. देगलूर, बिलोली, धर्माबादच्या शेतकऱ्याला राग येतो, पण ते पैसे त्यांच्या राज्याच्या तिजोरीतले आहेत, मला त्यात अन्याय दिसत नाही. जनावरांचंही तसंच. सप्टेंबर २०२२ मध्ये लम्पी हा जनावरांचा त्वचारोग पसरला तेव्हा राज्यभर जनावरांची ने-आण आणि बाजार बंद झाले. हाळी हंडरगुळीचा बाजार ओस पडला. रोग पसरू नये म्हणून ते करणं भागच होतं, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण देवणी बैलाची जोडी विकून लेकीचं लग्न किंवा रब्बीचं बी-बियाणं करणाऱ्याला त्या महिन्यांत कुणी काही दिलं नाही. बंदी घालताना ती कुणाच्या पोटावर येते आणि त्याला काय द्यायचं, हे त्याच आदेशात लिहिलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

आता २०२० बद्दल. ते लिहिताना आजही हात जड होतो.

२५ मार्चला देश बंद झाला. पहिले चार-पाच दिवस जीवनावश्यक माल कोणता हेच रस्त्यावरच्या शिपायाला माहीत नव्हतं. २९ मार्चला केंद्राने कळवलं की सगळा माल जाऊ द्या, आवश्यक-अनावश्यक असा भेद करू नका. कागदावर रस्ता उघडला, पण सीमेवरच्या काही गावांनी भीतीपोटी रस्त्यावर काटे टाकले, खड्डे खणले. माल सुटला तरी माणूस सुटला नव्हता: गॅरेज बंद, ढाबा बंद, गावात पाणी मागितलं तर दार लावून घेणारे लोक. अर्धापूरची केळी भरलेल्या एका गाडीचा ड्रायव्हर मला फोनवर म्हणाला, "भाऊ, माल जाऊ द्यायला तयार आहेत, मला खाली उतरू द्यायला तयार नाहीत." केळीला दोन दिवस जास्त लागले की ती विकायची राहत नाही. त्याने ती वाटेत वाटून टाकली. मी त्याला ते करायला सांगितलं आणि आजही सांगेन.

नांदेडला हुजूर साहिबच्या दर्शनाला आलेले सुमारे चार हजार यात्रेकरू महिनाभर अडकून पडले होते. बीडचे ऊसतोड मजूर फडातच थांबले. कारखाने थांबले, कोयता थांबला, पण घरी जायची परवानगी नव्हती. १७ एप्रिलला सरकारने सुमारे १ लाख ३१ हजार मजुरांना गावी परतायला मंजुरी दिली, म्हणजे जवळजवळ साडेतीन आठवड्यांनी. त्यांच्यासोबत तान्ही लेकरं आणि बैलं होती. आणि ८ मेची पहाट. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मध्य प्रदेशचे मजूर रुळांवरून चालत निघाले होते. पाससाठी अर्ज करूनही उत्तर आलं नाही असं वाचलेल्यांनी सांगितलं. करमाडजवळ थकून ते रुळावरच झोपले आणि मालगाडीखाली सोळा जण गेले. माल घेऊन जाणारी गाडी चालू होती, माणूस नेणारी नेहमीची गाडी बंद होती. आमच्या धंद्यातल्या माणसाने हे विसरू नये असं मला वाटतं.

माणसाची सीमा मालापेक्षा अवघड असते, ती साथ नसतानाही असते. आपल्याकडच्या तांड्यावरचं उदाहरण घ्या. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत, तेलंगणात अनुसूचित जमातींत आणि कर्नाटकात अनुसूचित जातींत मोडतो. उदगीरच्या तांड्यावरची मुलगी बिदरच्या तांड्यावर सून म्हणून गेली किंवा कुटुंब पोटासाठी जहिराबादला स्थायिक झालं, तर आपल्या राज्याचं आरक्षण तिथे चालत नाही. तीन राज्यं, तीन कप्पे, आणि अंतर एसटीने अर्ध्या दिवसाचं. रेशन कार्ड आता देशभर चालतं, ही खरंच मोठी सोय झाली. हमालांना आणि मजुरांना मी ती आवर्जून सांगतो, कारण अनेकांना अजून माहीत नाही.

पुन्हा बंदी आली तर काय करायचं, हा तुमचा शेवटचा प्रश्न. नाशवंत माल एकाच बाजारावर सोडू नका. तूर, डाळ, हळद टिकते, तिला वखार महामंडळाच्या गोदामात ठेवून पावतीवर कर्ज घेता येतं, म्हणजे पडत्या भावात विकायची घाई होत नाही. हळदीसाठी हिंगोली-वसमत आणि निजामाबाद, दोन्हीकडे एकेक आडत्या ओळखीचा ठेवा. एक बाजू बंद पडली तर दुसरी असते. आणि व्यापाऱ्याशी सौदा फोनवर झाला तरी चार ओळी लिहून घ्या. त्यात भावाबरोबर तीन गोष्टी हव्यात: माल कुठपर्यंत तुमचा आणि कुठून पुढे त्याचा, सरकारी आदेशाने सीमा बंद झाली तर सौदा किती दिवस धरायचा, आणि गाडी खोटी झाली तर रोजची किती रक्कम कुणी द्यायची.

या तिसऱ्या ओळीत ड्रायव्हर आणि क्लीनरचा भत्ता वेगळा लिहा, गाडीमालकाच्या भाड्यात मिसळू नका. मिसळला की तो त्यांच्यापर्यंत पोचत नाही, आणि रात्री अनोळखी रस्त्यावर तुमच्या मालाजवळ झोपलेली माणसं तीच दोघं असतात.